अखेरच्या पाळीतला आरसा

मी आरसा बोलतोय. पण माझ्यासमोर केस विंचरायला येऊ नका. माझ्यात कुणाचंही तोंड दिसत नाही. ठरावीक रंगाचा लेसर तेवढा मी परतवतो, बाकीचा उजेड आरपार जातो. काचेवर थरावर थर चढवून मला घडवलं ते एवढ्याचसाठी.

जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेत आलो तेव्हा वाटलं, आता रोज काम. कसलं काय! बराच काळ डब्यातच पडून होतो. आधीचा आरसा तडकला, तेव्हा कुठे माझी आठवण झाली.

काम मात्र झकास होतं. थंडगार हेलियमवर प्रतिप्रोटॉन सोडायचे. प्रतिप्रोटॉन म्हणजे प्रोटॉनचं उलटं भावंड. दोघं भेटले की दोघांचाही खातमा. पण हेलियमच्या एखाद्या अणूत हे भावंड इलेक्ट्रॉनच्या जागी जाऊन बसतं आणि पापणी लवेपर्यंत का होईना, सुखानं नांदतं. तेवढ्यात मी त्याच्यावर लेसर टाकायचा. रंग नेमका जुळला की ते दुसऱ्या कक्षेत उडी मारतं, नष्ट होतं आणि पडद्यावरच्या सपाट रेषेत एक टोक वर येतं. त्या रंगावरून त्याचं वजन कळतं.

बोग्लार्का नावाच्या हंगेरियन मुलीची पीएचडी त्या टोकावर अडली होती. मोसमभर रंग सरकवून झाले, पडदा सपाटच. हिवाळ्यात यंत्रं बंद होतात आणि आता शेवटची पाळी उरली होती.

टोक दिसत नाही तर हेलियम वाढवा, असं तिचे जपानी प्रमुख मिनेगिशी म्हणत आणि दर वेळी तेच होई. त्या दुपारी मात्र ती अडून बसली.

"मिनेगिशी-सान, आत गर्दी झालीय. अणू एकमेकांना धक्के देतायत, जुळणारा रंग विस्कटतोय. हेलियम कमी करू या."

"आधीच उपाशी, त्यात ताटही काढून घेतेस? विरळ हेलियममध्ये प्रतिप्रोटॉन पांगतील. सगळ्यांना गाठायचं तर लेसरचा जोर वाढवावा लागेल. हा आरसा जळेल, बाई. दुसरा नाहीये."

"मग जपून कुणासाठी ठेवायचा? उद्या सगळं बंदच पडणार."

 मिनेगिशींनी स्वतःच उठून हेलियम कमी केला.

लेसरचा जोर वाढला. खरं सांगतो, मी घाबरलो. मधोमध चटका बसला, थर उचलला गेला, तरी मी प्रकाश परतवत राहिलो. रंग पुढे सरकत होता, पडदा सपाट होता. आणि टोक आलं!

"दिसलं," बोग्लार्का हळूच म्हणाली.

मिनेगिशींनी रंग हलवायला लावला, टोक गेलं. परत आणला, टोक हजर.

"हरलो बुवा मी," ते हसत म्हणाले. "बाटली आण."

तिथल्या फळीवर प्रत्येक विजयाला फोडलेल्या शॅम्पेनची रिकामी बाटली सह्यांसकट उभी असते. त्या रांगेत आमचीही लागली. प्रतिप्रोटॉनचं वजन प्रोटॉनइतकंच भरलं, अगदी मोजता येईल तिथवर. माझा आनंद पोटात मावेना!

आज बोग्लार्का स्वतः प्रमुख आहे आणि मी तिच्या टेबलावर असतो. परवा कुणीतरी सुचवलं, याला घासून नवे थर चढवू. बोग्लार्का, तेवढं करू नकोस गं. मला पुन्हा कोरं व्हायचं नाही. तुला ते टोक दिसलं, तेव्हा मी या मधल्या डागापाशीच भाजत होतो.