मोरपंखी फडकं

“चहाची गाळणी फाटली तरी सहा-सहा महिने बदलत न्हाई ह्या घरात, अन् गाडीच्या गाळण्यांना बरा आजच मुहूर्त लागलाय,” हनुमंत बॉनेटखाली डोकं घालून स्वतःशीच पुटपुटला.

लंकाबाई हातभर अंतरावर ऑइलचा डबा धरून उभी होती. एरवी नवऱ्याचं असलं बोलणं तिनं खाली पडू दिलं नसतं. आज गिळलं. कारण बॉनेटच्या पलीकडं तिचा धाकटा दीर, काकासाहेब, पान्हा घेऊन वाकला होता, आणि तीन आठवड्यांनी त्यानं ह्या अंगणात पाय ठेवला होता.

सहा वर्षं ही पिकअप त्यानंच चालवली. पहाटे झेंडू भरायचा, राहुरीवरून शिर्डीला हारवाल्यांकडं उतरवायचा, दुपारी जेवायला घरी. नवरात्राच्या सुमाराला गाडी डिझेल जास्त प्यायला लागली. तो म्हणाला, “वहिनी, गाडी ओढत न्हाई. फिल्टर बघाया पायजे.” पण फिल्टर चैत्रातच बदलले होते. लंकाबाईच्या मनात भलतंच शिरलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, फुलं निवडणाऱ्या बायकांच्या देखत ती म्हणाली, “फिल्टर कशाला बघायचे? आपल्या डिझेललाच पाय फुटलेत.”

एवढंच. पुढचा शब्द तिनं उच्चारला नाही. पण बायकांनी टोपल्यांत माना घातल्या, म्हणजे तो सगळ्यांना ऐकू गेला होता. काकासाहेबानं किल्ली पिठाच्या डब्यावर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून केडगावला कुणाच्या तरी टेम्पोवर जायला लागला. दोन्ही घरांची भिंत एकच. ह्या घरात फोडणी पडली की त्या घरात ठसका लागायचा, पण बोलणं बंद.

मग गाडी हनुमंत चालवायला लागला. डिझेल तेवढंच जात राहिलं. हे लंकाबाईला आठ दिवसांतच कळलं होतं. कळलं, आणि तिनं ते फडताळात मागं सारावं तसं मागं सारलं. आता दिवाळी तोंडावर, आणि आज सकाळी भरलेली गाडी पांदीच्या चढावरच धापा टाकून, काळा धूर ओकून मागं आली. तो आवाज ऐकून काकासाहेब आपणहून आला. हातातल्या पिशवीत तिन्ही फिल्टर नवे. म्हणजे आधीच आणून ठेवलेले.

“दादा, बघवंना रं,” एवढंच तो भावाला म्हणाला.

ऑइलचा फिल्टर झाला. नव्याच्या रबरी कड्याला त्यानं बोटानं तेल लावलं आणि नुसत्या हातानंच आवळला. डिझेलचा झाला. आत हवा राहू नये म्हणून वरचा पंप अंगठ्यानं दाबत राहिला, कडक लागेपर्यंत. जुन्या फिल्टरमधून चमचाभर पाणी निघालं, बाकी काही नाही.

“ह्यात न्हाई खोट. हवेचाच बघू,” तो म्हणाला. इंजिनाशी बोलावं तसं, पण समजावण्याची सवय जाते कुठं. “हवा कोंडली की डिझेल धड जळत न्हाई. डिझेल जातं, वड मिळत न्हाई.”

“चुलीगत,” लंकाबाईच्या तोंडून निसटलं. “हवा कोंडली की लाकडं जास्ती खाती, अन् नुसता धूर.”

“व्हय. तसंच.”

तीन आठवड्यांतलं त्यांचं हे पहिलं बोलणं. पण ‘चुलीगत’ म्हणता म्हणताच लंकाबाईला आठवलं. नवरात्राच्या आधीची बाजरीची मळणी. अंगणभर भुसकट. ट्रॅक्टरवाल्यानं त्याच्या इंजिनाच्या हवेच्या तोंडाला फडकं बांधलेलं. तिला वाटलं, आपल्याही गाडीच्या नाकात धूळ जायला नको. मायेनं बांधलं होतं. सोडायचं मात्र…

काकासाहेबानं हवेच्या फिल्टरच्या डब्याच्या चापा उघडल्या, झाकण काढलं, फिल्टर उचलला. खाली मोरपंखी फडकं, हवेच्या तोंडावरून आत ओढलं जाऊन, चपटं होऊन चिकटलेलं. भुसकटानं माखलेलं, नाडीची गाठ तशीच.

कुंपणापाशी काकासाहेबाची बायको जया उभी होती. फडकं ज्या मोरपंखी साडीचं, ती संक्रांतीला तिनंच थोरल्या जावेला दिली होती. तिनं फडक्याकडं पाहिलं, मग आपल्या पायाच्या अंगठ्याकडं. हनुमंतानं आभाळाकडं पाहिलं, जणू काही फडकं वरून पडलंय.

“उंदरानं ओढलं असंल,” काकासाहेब म्हणाला. गाठ मुठीत दाबून त्यानं त्याच फडक्यानं हात पुसले आणि ते खिशात घातलं.

“लई माजलेत उंदीर औंदा,” हनुमंतानं घाईनं री ओढली.

नवा फिल्टर बसला. किल्ली फिरवली, गाडी पहिल्यासारखी गुरगुरली. धूर नाही, खोकला नाही. लंकाबाईला वाटलं, त्यापेक्षा बंद पडली असती तर बरं झालं असतं. निदान तिच्याकडं कुणी पाहिलं नसतं. आता तर कुणीच पाहत नव्हतं, आणि तेच जास्त लागत होतं.

काकासाहेबानं पान्हे पिशवीत भरले. जया म्हणाली, “चला, चहा टाकलाय घरी.” सगळ्यांनी मिळून लंकाबाईला वाट करून दिली होती. गप्प राहिली असती तरी चाललं असतं. उंदरानं काही तक्रार केली नसती. पण काकासाहेब कुंपण ओलांडून गेला, की त्याच्या नावाला लागलेलं तसंच राहणार होतं, तिला पक्कं ठाऊक होतं.

“भाऊजी,” ती म्हणाली. “उंदीर गाठ मारत न्हाई.”

तो थांबला. “असू द्या, वहिनी.”

“मळणीच्या दिशी मीच बांधलं. मीच इसरले.”

“गाडी झाली न्हवं? जाऊ द्या आता.”

पलीकडं झेंडूच्या ढिगाभोवती फुलं निवडणाऱ्या त्याच बायका बसल्या होत्या, हात थांबवून. लंकाबाई त्यांच्याकडं वळली. ऑइलचा डबा अजून हातातच होता, तो खाली ठेवायचं भान तिला राहिलं नव्हतं. आवाज ढिगापर्यंत पोचेल एवढा तिनं चढवला.

“मी ह्यांना चोर म्हणले, तुमच्या देखत. अन् चोरी कुणी केलीच न्हवती.”