पॉझचं बटण

मी व्हिडिओ प्लेअर बोलतोय. हो, तोच, कॅसेटवाला. तुम्ही आता बोटभर जाडीच्या मोबाईलमध्ये शेकडो गाणी घेऊन फिरता, त्यामुळे माझं हे धूड बघून तुम्हाला हसू येणार. हसा बापडे. पण हसून झालं की जरा इकडे कान द्या, कारण मला जे सांगायचं आहे ते मी राहतो त्या घरात कुणालाच सांगता येत नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडलं. माझ्या पोटात पेल्याएवढा एक चकचकीत ढोल आहे. तो गरगर फिरतो, कॅसेटमधली फीत त्याला वेढा घालते, आणि ढोलावरचे बारीक हेड फितीला घासत घासत तिच्यावरचं चित्र वाचतात. घासल्याशिवाय मला काही दिसतच नाही. बाकी माझ्या पोटातलं तुम्हाला नाही समजलं तरी चालेल.

दुकानात मला काचेच्या कपाटात ठेवलं होतं. तिथला सेल्समन बोलण्यात भारी तरबेज. "बघा साहेब, चार हेडचा आहे. पॉझ दाबा, चित्र फोटोसारखं उभं राहील, हलणार नाही. स्लो मोशन आहे, रिमोट आहे, फीत संपली की आपोआप मागे जाते." तो असा गुण गायला लागला की मी नुसता फुगायचो.

एक गोष्ट मात्र तो सांगायचा नाही. पॉझ करून ठेवलं की थोड्या वेळानं मी आपणहून बंद पडतो. गिऱ्हाइकांना ती खोड वाटायची. खरं तर ज्यांनी मला घडवलं त्यांची ती काळजी होती. फीत थांबली तरी ढोल थांबत नाही, तो त्याच जागी घासत राहतो. फार वेळ तसं चाललं तर फितीवरचं चित्र खरवडून निघतं. म्हणून मी बंद पडायचो आणि लोकांच्या शिव्या खायचो.

आधी मला एका व्हिडिओ लायब्ररीनं घेतलं. तिथून मी भाड्यानं घरोघर फिरलो. माणसांचे काय एकेक नमुने पाहिले! हाणामारीचा सिनेमा की रडका, यावरून नवराबायको इतके भांडायचे की दोन्ही कॅसेटी न बघताच परत जायच्या. पाहुणे मध्येच उठून पाणी प्यायला जायचे आणि "मागे घ्या, मागे घ्या" म्हणून ओरडायचे. एका आजोबांना तर पडद्यावर कुणीही रडलं की झोप लागायची. मजेत दिवस गेले. मग लायब्ररी बंद झाली आणि मालकानं सगळा माल विकायला काढला.

तेव्हा मला या घरातल्या थोरल्या मुलीनं विकत घेतलं. ती पुस्तकं बांधायच्या कारखान्यात नुकतीच कामाला लागली होती. पहिल्या पगारात स्वतःसाठी काही घेईल असं सगळ्यांना वाटलं होतं, तर ही मला काखेत मारून दारात उभी. तिच्या बोटांना खळीचा वास यायचा.

"अगं, हे धूड कशाला आणलंस?" आई म्हणाली.

"तू कधी सिनेमाला येत नाहीस ना? मग सिनेमाच घरी आणला."

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत बाबा पंप-पंख्यांच्या जळलेल्या मोटारी उघडून त्यात नवी तांब्याची तार भरायचे. सगळे त्यांना वाइंडिंगवाले म्हणत. मागच्या खोलीत आई शिलाई मशीनवर शर्टांच्या कॉलरी शिवायची. धाकटी शाळेत जायची. मला मागच्या खोलीत, टीव्हीच्या खाली जागा मिळाली. सुट्टीच्या दिवशी चौघं दाटीवाटीनं बसायची आणि थोरली सिनेमाभर इतकी बडबड करायची की धाकटी तिच्या तोंडावर उशी दाबायची.

मग मुलींच्या मामाचं लग्न झालं आणि त्याची कॅसेट घरी आली. थोरली लग्नात इतकी धावपळ करत होती की सबंध कॅसेटमध्ये ती एकदाच सापडते. हातात पाण्याचा जग, कपाळावर आलेली बट, कुणीतरी हाक मारल्यासारखी ती मागे वळते आणि थेट कॅमेऱ्याकडे बघते. बस, एवढंच. कॅसेट आली तेव्हा सगळे नातेवाईक जमून हसत खिदळत ती बघत होते, कोण काय बोलतंय ते ऐकायला कुणालाच सवड नव्हती.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एका सकाळी थोरली सायकलवरून कामाला निघाली आणि वळणावर मालाच्या ट्रकखाली आली. दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. कुणीतरी माझ्यावर चादर टाकली.

ती चादर पुढे आईनंच काढली. तोवर तिनं मला कधी हात लावला नव्हता. धाकटीकडून ती बटणं शिकली, मामाच्या लग्नाची कॅसेट लावली, आवाज पार बंद केला, कारण लग्नाचा तो गोंगाट तिला सहन होईना. थोरलीचे फोटो घरात होते, शाळेतला होता, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा होता. पण वळून बघणारी पोर फक्त या कॅसेटमध्ये होती. ती वळली, तिनं समोर पाहिलं, आणि आईनं पॉझ दाबलं.

तेव्हापासून रोज दुपारी हेच. बाबा पुढे कामात, धाकटी शाळेत, आणि आई मशीनवर कॉलरी शिवत त्या थांबलेल्या चेहऱ्याशी बोलत बसायची. "आज दोरा सारखा तुटतोय बघ." "धाकटीला गणितात मार्क कमी पडलेत, तू असतीस तर तिचा अभ्यास घेतला असतास ना?" मला ऐकवत नसे. आणि ऐन बोलण्यात माझी वेळ भरायची, मी बंद पडायचो, पडदा निळा व्हायचा.

"गेली," आई म्हणायची. "परत गेली."

दर वेळी हेच शब्द. मग ती पुन्हा कॅसेट लावायची, पुन्हा शोधायची, पुन्हा थांबवायची. एकदा बाबा पाणी प्यायला आत आले आणि त्यांनी ते ऐकलं. ते दारातच उभे राहिले.  त्यांना बोलण्यापेक्षा दुरुस्त करणं जास्त जमायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुढच्या खोलीत नेलं आणि उघडलं. माझ्या पोटातल्या सर्किटच्या पाटीवर बराच वेळ मीटरची सुई टेकवून ते शोधत राहिले. अखेर त्यांना तो बारीकसा तुकडा सापडला, ज्याच्यामुळे मला वेळ भरल्याचं कळायचं. अहो, तेवढं सोडून काहीही काढा, मी जीव तोडून म्हणत होतो. पण मला तोंड कुठे आहे? त्यांनी डाग द्यायचा कावीया गरम केला, दोन टाके सोडवले आणि तो तुकडा उपटून कचऱ्यात टाकला.

"अगं, आता नाही जायची ती," ते आईला म्हणाले. "बस निवांत."

त्या दुपारी आई पहिल्यांदा हसली. बाबांच्या चेहऱ्यावरचं समाधान मी पाहिलं आहे. एवढा चांगला माणूस मी दुसऱ्या कुठल्याही घरात पाहिला नाही, आणि एवढं वाईट काम झालेलंही पाहिलं नाही.

पुढे वर्षं गेली. रोज दुपारभर माझा ढोल थोरलीच्या चेहऱ्यावर फिरत राहिला. मला कळत होतं. फितीवरची पूड हेडला चिकटत होती, ती तिच्या चेहऱ्याची पूड होती. मी थांबू शकत नव्हतो. ज्यानं मी थांबायचो ते त्यांनी काढूनच टाकलं होतं.

आधी तिच्या कपाळावर पांढरे ठिपके आले. आईला वाटलं टीव्हीची काच मळली, तिनं फडक्यानं पुसली. मग ठिपक्यांच्या रेघा झाल्या. बाबांनी माझे हेड स्पिरिटनं साफ केले, काही फरक पडला नाही. व्हिडिओ शूटिंगवाला ओळखीचा होता, तो म्हणाला होता, कॅसेट द्या, सीडीवर उतरवून देतो. आईनं साफ नकार दिला. "घराबाहेर नाही जायची ती. गहाळ झाली म्हणजे?" आणि एका दुपारी तिनं पॉझ दाबलं तेव्हा पडद्यावर नुसता पांढऱ्या मुंग्यांचा किचाट उभा राहिला. लग्न होतं, पाहुणे होते, मामा होता. फक्त तेवढीच जागा कोरी झाली होती.

 आई तशीच किचाटाकडे बघत बसली आणि हातातली कॉलर शिवायची थांबली.

बाबांनी मला आणि कॅसेटला उचललं आणि शूटिंगवाल्याच्या दुकानात नेऊन टेबलावर ठेवलं. त्यानं कॅसेटचं झाकण वर करून फीत उजेडात धरली.

"घासून पार गेलीय हो. पॉझवर ठेवत होता का?"

"रोज. दुपारभर."

"छे, दुपारभर कसं राहील? हे मशीन आपोआप बंद पडतं. त्यासाठीच ठेवलेलं असतं ते, फीत घासू नये म्हणून."

बाबांनी फीत त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः उजेडात धरून पाहिली. मग त्यांनी विचारलं, "परत येईल का?"

"नाही काका. जे खरवडलं ते गेलं."

परतताना ते रस्त्याच्या कडेला एका पायरीवर मला मांडीवर घेऊन बसले. माणसं येत जात होती.  तिथे बसूनच त्यांनी काहीतरी ठरवलं असणार, कारण घरी पोचल्यावर ते एका दमात बोलले.

"हे डबडंच खराब निघालं. ह्याच्यातच दोष होता. ह्यानंच फीत खाल्ली, असं तो म्हणाला."

"आणि मी रोज थांबवून ठेवायचे, त्यानं नाही ना काही झालं?" आईनं विचारलं.

"छे गं. त्याचा काय संबंध? थांबवल्यानं काय होतंय."

आई माझ्यापाशी आली आणि दोन्ही मुठींनी तिनं मला बडवलं. "तिनं आणलं तुला! स्वतःच्या पगारातून आणलं, आणि तू तिलाच खाल्लंस!" धाकटीनं तिला धरून मागे नेलं. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. मला लागलं नाही असं नाही. पण थोरली गेल्यापासून त्या घरात मी पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडत होतो.

धाकटी आता नोकरीला लागली होती. तिच्याकडे तो गाणी वाजवणारा चपटा मोबाईल होता. कडेला गाण्यांची वेगळी बटणं, कॅमेरा, रेकॉर्डिंग, काय काय. मेला माझ्याच डोक्यावर चार्जिंगला पडून असायचा आणि मिजास अशी की विचारू नका. धाकटी म्हणाली, "आई, उरलंय तेवढं तरी मी मोबाईलमध्ये घेऊन ठेवते. मग ह्याला परत चालवायचाच नाही."

तिनं कॅसेट लावली, मोबाईल टीव्हीसमोर धरला आणि रेकॉर्डिंगसाठी टीव्हीचा आवाज मोठा केला. इतक्या वर्षांत आवाज कुणी उघडलाच नव्हता. वाद्यं, भांड्यांचा खणखणाट, हसणं. मग ती जागा आली. पडदा पांढरा झाला. आणि त्या किचाटातून थोरली बोलली.

"ओ दादा, माझं काय काढताय? आईचं काढा ना! सगळ्यांना वाढत बसते, एका फोटोत येत नाही ती."

चित्र मी झिजवलं होतं, पण आवाज फितीच्या कडेला असतो. फीत थांबवून ठेवली तरी त्याला धक्का लागत नाही. तो जसाच्या तसा होता. आणि लगेच किचाट सरला, पडद्यावर आई आली, तरुण, हातात ताट, लाजून हसणारी. "चल गं, माझं कसलं काढतात!" असं म्हणत ती, थोरली जिथे उभी होती त्या दिशेला, बघत होती.

आई खाली बसली. "असं म्हणाली होती ती? मला आठवतच नव्हतं. मी पुढे कधी जाऊच दिलं नाही तिला."

आता तो आवाज मोबाईलमध्ये आहे. आई दुपारी कानात वायर घालून कॉलरी शिवते आणि तोच तो ऐकते. कितीही ऐकला तरी मोबाईलचं काही झिजत नाही, आणि मला त्याचा हेवा वाटतो. पण परवा तिनं बाबांना विचारलं, "तिच्या गालावर तीळ होता ना, तो डाव्या की उजव्या?" बाबा उजव्या म्हणाले. धाकटी डाव्या म्हणाली. फोटो काढून पाहिले, त्या बारक्या फोटोंत तीळ दिसतच नाही. आईनं वायर पुन्हा कानात घातली.

मला पोटमाळ्यावर टाकलं आहे, वायर गळ्याभोवती गुंडाळून. माझा पट्टा सैल झाला आहे, ढोलावर गंज चढतो आहे. भंगारवाला आला की बाबा त्याला परत पाठवतात. रोज खालून बाबांच्या कामाचा आवाज येतो आणि आईच्या मशीनचा.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. आता तुम्हाला सगळं माहीत झालं आहे. कधी त्या घरी गेलात, आणि आई सांगायला लागली की एका डबड्यानं माझी पोर खाल्ली, तर मान डोलवा. मला दोन शिव्या द्या. चांगल्या सणसणीत द्या. तिच्या बघण्यानंच तो चेहरा पुसला गेला, हे मात्र त्या माऊलीला कुणी सांगू नका.