सवयींचं पान

कुठल्याही कार्टूनपटाच्या आधी एक जाडजूड वही तयार होते, आणि त्या वहीला ॲनिमेशन कॉलेजातली शेवटच्या वर्षाची ही पोरं बायबल म्हणतात. पात्राचं नाक केवढं, शर्टाचा निळा नेमका कुठला, कुठला शॉट कोण संपवणार, सगळं तिच्यात. एकदा वही ठरली की मग कुणी मध्येच आपली अक्कल पाजळायची नाही, असं शिकवणाऱ्या मॅडमचं म्हणणं होतं. मॅडमपुढे तोंड उघडायची कुणाची बिशाद होती?

तिघांच्या गटात हे वहीचं काम जिच्या गळ्यात पडलं तिला सगळे मुकादम म्हणत, कारण ती बाकी दोघांच्या मानगुटीवर बसून काम करून घ्यायची. चित्रं काढायचा तो पेन्सिल. आवाजाचं काम बघायची ती भोंगा, तिची कुजबुजसुद्धा जिन्यापर्यंत ऐकू जायची.

फिल्म चार मिनिटांची. नायक लिफ्ट दुरुस्त करणारा एक वेंधळा मिस्त्रीकाका. कल्पना मुकादमचीच, कारण तिचे बाबा लिफ्टचे मिस्त्री. आई गेल्यापासून घरात ही दोघंच होती. मॅडमनी एक नियम घालून दिला होता: पात्राच्या सवयी मनानं रचायच्या नाहीत. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच चिठ्ठीवर लिहायचं आणि खाली तारीख टाकायची. मुकादमला तर घरबसल्या खजिनाच मिळाला. आठ महिने ती बाबांच्या चिठ्ठ्या लिहीत होती, आणि गटातली दोघं वाचून पोट धरून हसत होती. तिला त्याचा केवढा अभिमान! अभिमान कशाचा, हे तिला त्या दुपारी कळायचं होतं.

त्या दुपारी ते सवयींचं पान ठरवायला बसले. चिठ्ठ्यांनी बुटाचं खोकं भरलं होतं.

"विनोद चढत गेला पाहिजे," पेन्सिल म्हणाला. "आधी बारीकसारीक, मग मोठं. कसं लावायचं?"

"तारखेप्रमाणे लावून बघू," मुकादम म्हणाली. "मग पुढेमागे करता येईल."

पेन्सिल भिंतीवर चिकटवत गेला, भोंगा मोठ्यानं वाचत गेली.

"एकच गाणं गुणगुणतात, दुसऱ्या ओळीशी अडतात. चमच्याला 'ते ढवळायचं' म्हणाले. एकाच दिवशी दोनदा दाढी केली." भोंगा हसत होती. "शेजारच्या काकांना तीनदा विचारलं, मुलगा काय करतो. चष्मा फ्रिजमध्ये. आपला मजला चुकले, खालच्या घराची बेल वाजवली. पुन्हा खालच्या घराची बेल. पुन्हा..."

भोंगा थांबली. भोंग्याचा आवाज असा मध्येच बंद पडलेला कुणी ऐकला नव्हता.

"वाच ना," मुकादम म्हणाली.

"आई कुठे गेली म्हणून विचारलं. मी म्हटलं, बाबा, काय हे! तर म्हणाले, गंमत केली गं."

तिघं भिंतीकडे बघत राहिली. एकेक सुटी होती तोवर प्रत्येक चिठ्ठी मजेशीर होती. ओळीनं लागल्यावर त्यांच्यात हसण्यासारखं काही उरलं नाही.

"अगं," पेन्सिल हळूच म्हणाला, "हा विनोद चढत नाहीये. हे दुसरंच काहीतरी चढतंय."

मुकादमनं झटकन आपली पिशवी ओढून घेतली. कारण एक चिठ्ठी अजून खोक्यात गेलीच नव्हती. ती सकाळी बसमध्ये लिहिली होती आणि तिच्या पिशवीत होती, चावी अडकवलेल्या एका लाल कुलपाला गुंडाळलेली.

ते कुलूप तिनं पेन्सिलला चित्रासाठी आणलं होतं. लिफ्ट वरखाली जाते त्या विहिरीसारख्या शाफ्टमध्ये उतरायचं असलं की मिस्त्री आधी गच्चीवरच्या खोलीत जाऊन मेन स्विच बंद करतो आणि त्याला हे कुलूप लावतो. चावी स्वतःच्या खिशात. म्हणजे तो खाली असताना कुणी स्विच चालू करू शकत नाही. बाबा तिला लहानपणापासून बजावत आले होते, "हे कुलूप म्हणजे मी घरी परत येतो." घरातून निघताना ते खिसा चाचपल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. आज सकाळी तिनं कुलूप उचलून विचारलं, "हे नेऊ का?" बाबा म्हणाले, "ने की. कशाचं आहे ते?" ती खो खो हसली. त्यांच्या हत्यारांच्या पिशवीत दुसरं असेलच असं ती धरून चालली, आणि बसमध्ये बसून चिठ्ठी लिहिली. मूर्ख पोरगी! कुलपाचा नियम पाठ होता आणि तरी हसली.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. शाफ्टमध्ये असले की ते उचलत नाहीत, हेही तिला पाठ होतं.

"कुठल्या इमारतीत आहेत?" पेन्सिलनं विचारलं.

"बँकेमागच्या. सात मजली." आणि ती धावत सुटली.

इमारतीच्या दाराशी तीनचार माणसं लिफ्टपुढे ताटकळत उभी होती. हातात सामानाच्या पिशव्या घेतलेली एक बाई करवादली, "सकाळपासून बंद आहे बघा! वर कुणी मेन बंद करून ठेवलाय. आत्ताच वॉचमन गेलाय चालू करायला."

"आत्ता म्हणजे कधी?"

"हा काय, तू आलीस त्याच्या आधी."

मुकादमनं जिना धरला. प्रत्येक मजल्यावर लिफ्टचं दार बंद, आणि दारामागे शांतता. तिसऱ्या मजल्यावर तिनं दाराला कान लावून "बाबा!" अशी हाक मारली. उत्तर नाही. पाचव्यावर तिला काहीतरी घरघरल्यासारखं वाटलं आणि ती जागच्या जागी थिजली. कुणाच्या तरी घरातला मिक्सर होता. देवा, देवा, म्हणत ती उरलेल्या पायऱ्या चढली.

गच्चीवरच्या खोलीत वॉचमन कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याच्यासमोर, मेन स्विचला पाठ लावून, बाबा एका पालथ्या डब्यावर बसले होते.

"तुम्ही यांच्या कोण?" वॉचमन वैतागून म्हणाला. "समजवा जरा. ना काम करतात, ना मला हात लावू देतात. म्हणे, कुलूप आल्याशिवाय नाही."

मुकादमनं ते लाल कुलूप पुढे केलं. बाबांचा चेहरा उजळला.

"आलं का?"

"बाबा, कधीपासून बसलाय? फोन का नाही उचलला?"

"सकाळपासूनच असेन. फोन घरी राहिला वाटतं." त्यांनी वरच्या खिशातून एक छोटी, मळकी वही काढली. "इथं लिहिलंय ना. कुलूप नसेल तर उतरायचं नाही. बसून राहायचं."

तिनं वही हातात घेतली. बाबांचं वाटोळं अक्षर. घराचा मजला, पाचवा, खाली दोन रेघा. आधी मेन, मग कुलूप, मग चावी खिशात. चमचा, असा नुसताच एक शब्द. पहिल्या पानावरची तारीख तिच्या पहिल्या चिठ्ठीच्या चार महिने आधीची होती. तिच्या आधीच त्यांनी स्वतःवर नजर ठेवली होती, एकट्यानं, आणि तिला कळू दिलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'पोरीला सांगू नये. तिचं शेवटचं वर्ष आहे.'

मग तिनं पान उलटलं.

वर मथळा होता, 'मुलगी'. खाली पेनानं काढलेली दोन चित्रं, एक समोरून, एक बाजूनं, अगदी लहान मुलानं काढावीत तशी. तिच्या टेबलावरचे पात्रांचे कागद बघूनच काढली असणार. शेजारी लिहिलं होतं, 'उजव्या भुवईवर खूण. चपला घासत चालते. चिडली की आधी हसते. मला बाबा म्हणते.'

तिला रडू फुटलं. वॉचमन जिन्याकडे गेला.

"अगं, काय झालं?" बाबा उठले. "दे ते कुलूप. राहिलेलं काम उरकतो."

तिनं डोळे पुसले, बंद असलेल्या मेनला कुलूप लावलं आणि ओढून बघितलं. बाबांनी सवयीनं हात पुढे केला.

"चावी दे. उतरणाऱ्याच्या खिशात असते."

"हो बाबा," ती म्हणाली, आणि चावी तिनं आपल्या खिशात टाकली, मग त्यांचा पुढे केलेला हात धरून ती जिन्याकडे वळली.