विहीणबाईचा थंडा नाश्ता

त्या बाईनं अर्पितेच्या हातचे पोहे मागून खाल्ले पाह्यजे. मागून. पिलेट पुढं करून. एवढीच माही इच्छा होती, अन् तिच्यापायी मी अख्खा उन्हाळा न पावसाळा दात खात काढला.

अर्पिता माही भाची, मैनाताईची पोरगी. उमरखेडले दवाखान्यात रक्त तपासते. डोकं तेज, हाताची चव त्याच्याहून तेज. होळीच्या आगेमागे तिले पाहाले यवतमाळचे पावने आलते. श्रीकृष्णराव, रिटायर साहेब. त्याईची बायको मधुवंतीबाई. पोरगा सलील, पुण्याले कंपनीत. सोबत काका, काकू, मावशी, गाडीभर माणसं. पोरीनं पोहे केले. आपल्याकडचे पोहे, वरतून हरबऱ्याची तर्री, लाल तिखट रस्सा. वास असा सुटला का गल्लीतले लोक काम नसताना आमच्या दारावरून चकरा मारून राह्यले होते.

मधुवंतीबाईनं पिलेटीत पाह्यलं, दोन बोटानं पिलेट सरकवली अन् पर्समधून प्लास्टिकचा डबा काढला. मले म्हणे, "एक चमचा मिळेल का?"

"कायले?" मी म्हटलं.

"आम्ही सकाळी ओव्हरनाइट ओट्सच घेतो. इतकं तेल आमच्या घरात कुणालाच चालत नाही."

बाईनंच नाई म्हटल्यावर बाकीच्याची काय हिंमत. सगळ्याईनं पिलेटी सरकवल्या. सलील त पोह्याकडं असा पाहे, जसं उपाशी वासरू दुसऱ्याच्या वावराकडं पाह्यते. पण आईच्या धाकानं हात मांडीखाली दाबून बसला. पोहे थंडे झाले. अर्पितेनं एकटीनं सगळ्या पिलेटी उचलल्या.

मंग निरोप आला का मुलगी छान आहे, पण राहणीमान जुळत नाही. तेही ठीक. नाई म्हणाचा हक्क सगळ्याईले आहे. पण बाई तेवढ्यावर थांबन तं खरं. बारसं म्हणू नका, हळदीकुंकू म्हणू नका, जाईन तिथं सांगे, "उमरखेडला आम्हाला तेलात बुडवलेले पोहे दिले हो. कसं राहतात लोक." फिरत फिरत ते मैनाताईच्या कानावर आलं, अन् तिच्या तोंडून अर्पितेच्या. तवापासून पोरीनं घरात कढईले हात लावला नाई.

माहा धंदा बिछायतीचा. मांडव, खुर्च्या, भट्ट्या, मोठाले गंज-पातेले, आचारी, सगळं माह्याकडं. तालुक्यात कोणाचंबी कार्य असो, मी तिथं हजर. म्हणून मले घाई नव्हती. माणूस कुठी ना कुठी माह्या मांडवाखाली येतेच.

पण दुश्मनाची चीज चाखल्याशिवाय वार करू नये. यवतमाळले गेलो तं मोठ्या दुकानातून त्याच ओट्सचा डबा आणला. वरतं लिहिलं होतं, दूध टाका, रातभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी खा, झटपट नाश्ता. तसंच केलं. सकाळी मारेगावले मांडव टाकाले निघालो न गाडीतच डबा उघडला. थंडगार, गोड, गिळगिळीत. चावाचं का गिळाचं हेच समजेना. मधात एक वाळलेलं फळ लागलं तं वाटलं दात पडला.

खोटं काहून बोलू, पोट भरलं. दुपारपर्यंत भूक लागली नाई. पण जीभ उपाशीच राह्यली. मांडवाचे खांब उभे करता करता डोळ्यापुढं मिरच्या नाचाले लागल्या. शेवटी फुलसिंग म्हणून माहा जुना कामगार आहे, त्याच्या डब्यातला ठेचा मी नुसता बोटानं चाटून खाल्ला. तो म्हणे, "मालक, घरी भांडण झालं का?"

मले तवाच समजलं. हे खाऊन माणूस पोटभरल्या अंगानं भिकारी होते. याच्यापेक्षा चांगलं हत्यार बाजारात भेटत नाई.

हिवाळ्यात सलीलचं जमलं. पोरगी ढाणकीच्या पुंडलिकरावाची नयन. पुंडलिकराव म्हणजे कापूस, तूर, सोयाबीन, कशाले कमी नाई, पण मनानं एकदम साधा माणूस. नयन अर्पितेची होस्टेलातली मैत्रीण. साखरपुडा ढाणकीले, अन् मांडव कोणाचा? माहा.

अर्पितेचा फोन आला. "मामा, मी तुमाले चांगली ओळखते. नयनचं मोडलं तं मी तुमच्यासंग बोलनार नाई."

"मोडत नाई वं. एक शब्द खोटा बोलत नाई. आईची आन."

"मंग करनार काय?"

"तू तिथं पोहे करशील का?"

ती म्हणे, "किती लोकाचे?"

दुसऱ्या दिवशी पुंडलिकरावानं मले ओसरीत बसवलं. "दिगूभाऊ, सोयरे यवतमाळचे, मोठे लोक. सकाळच्या नाश्त्याले आपले पोहे चालतीन का त्याईले?"

"भाऊ, मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. त्याईच्या घरात तेलाले कोणी शिवत नाई. रातभर भिजवलेले ओट्स खातेत. विहीणबाई सोता सांगे."

"रातभर भिजवलेले?" पुंडलिकराव विचारात पडले. "आमी बैलाईले ढेप भिजू घालतो, तसं?"

"तसंच. फक्त डब्यावर इंग्रजी असते."

"मंग तेच ठेवा. सोयऱ्याच्या मानपानात कमी पडाले नको."

"अन् आपल्या लोकाईले?"

"आपण अडाणी मानसं. आपल्याले पोहेच."

साखरपुड्याच्या दिवशी थंडी अशी का बोलताना तोंडातून धूर निघे. पावन्याची बस अंधारातच यवतमाळहून निघाली होती. नाश्ता मुलीकडं, म्हणून रस्त्यात कोणी चहाच्या वर काही घेतलं नव्हतं. उतरले तं हात चोळत, नाक वर करून. वास येऊन राह्यला होता ना. मी मांडवाच्या मधात कनात लावली होती. इकडं पावने, तिकडं गाववाले न भट्ट्या. कापडाले नजर अडते, वास अडत नाई.

पंगत बसली. प्रत्येकापुढं एकेक डबा ठेवला, रातभर फ्रीजमध्ये ठेवलेला. सलीलच्या काकानं डबा हातात घेतला न लगेच खाली ठेवला. "अरे, हे तर बर्फ आहे."

मधुवंतीबाईनं डब्याकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. ओळखलं.

"तुम्ही..."

"हो ताई, अर्पितेचा मामा. तुमची आवड मीच सांगतली यजमानाईले. म्हटलं, तेलाचा तरास नको."

पुंडलिकराव हात जोडून उभे. "विहीणबाई, संकोच करू नका. खास यवतमाळहून मागवले. पोटभर घ्या."

सगळा गोतावळा बाजूले बसेल होता, अन् त्या सगळ्याईले तिनंच सांगितलं होतं का आमच्याकडं तेल चालत नाई. बाईनं चमचा उचलला. जाऊ सुचित्राबाई हळूच म्हणे, "वहिनी, मी स्वेटर घालून बसलेय आणि तुम्ही मला हे खायला लावताय."

"खा गुपचूप," मधुवंतीबाई म्हणे.

पुंडलिकरावाचा आग्रह मंजे आग्रह. डबा रिकामा झाला का दुसरा पुढं. "असं कसं, एकानं काय होते." काका उठले. म्हणे, हात धुऊन येतो. कनातीमागं गेले ते आलेच नाई. मंग मावशीचे हात खराब झाले. मंग सलीलचे. श्रीकृष्णराव तं डबा न उघडताच हात धुवाले निघाले. मी त्याईले कनात उचलून धरली. तिकडं गाववाल्याईच्या मधात साहेब उकिडवे बसले, अन् तर्रीत लिंबू पिळता पिळता मले म्हणे, "हिला सांगू नका."

"माह्या तोंडून शब्द निघनार नाई, साहेब," मी म्हटलं. कोणाले सांगाची गरजच नव्हती.

इकडं पंगत रिकामी. मधुवंतीबाई, तिसरा डबा अन् हात जोडलेले पुंडलिकराव. बाईचं नाक लाल झालं होतं. शेवटी पुंडलिकरावाले कोणीतरी गुरुजी आले म्हणून बोलावलं. ते वळले का बाई उठली.

मी भट्टीजवळ जाऊन उभा राह्यलो. इतके महिने जे डोळ्यापुढं पाहत होतो, ते कापड सरकवून आत आलं. बाईनं पाह्यलं तं नवरा, पोरगा, जाऊ, सगळे तोंड पिवळं करून खाऊन राह्यले. सगळ्याईचे घास तिथंच थांबले. गंजापाशी झारा घेऊन अर्पिता.

बाईनं पिलेट उचलली. इकडं तिकडं पाह्यलं. पिलेट पुढं केली.

"थोडे दे गं."

"काय देऊ, काकू?" अर्पितेचा आवाज एकदम गोड.

"पोहे."

"तेल आहे त्याच्यात."

"असू दे."

अर्पितेनं वाढले. तर्री तं अशी सोडली का पोहे दिसेना. बाई उभ्याउभ्याच खाऊ लागली. डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, पण हात काही थांबे नाई. श्रीकृष्णराव खाली मान घालून हसत होते. सुचित्राबाई त उघडच हसून राह्यली होती. मी फुलसिंगाले डोळा मारला. माही इच्छा पुरी झाली होती, पण मन म्हणे, थांब, अजून मजा आहे.

बाईनं दुसऱ्यांदा पिलेट पुढं केली. अर्पितेनं वाढले. तिसऱ्यांदा पुढं केली.

अर्पितेनं गंजावर झाकण ठेवलं.

"संपले, काकू."

झाकण ठेवायच्या आधी मी पाह्यलं होतं. अर्धा गंज भरेल होता. मी दोघीच्या मधात सरकलो अन् गंजाले पाठ लावून उभा राह्यलो. पाठ बम भाजून राह्यली होती.

"ताई," मी म्हटलं, "ओट्सचे डबे आहेत अजून. आणू?"