आधी कुणाला बसवायचं

मित्रांनो, ज्या वस्तूवर सगळेच बसतात, तिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. मी अशीच एक सतरंजी आहे, आता बरीच जुनी झालेली. येरमाळ्याहून कळंबकडे जाताना आत वळलेल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. मी त्या शाळेची. मला डोळे नाहीत, पण माणूस माझ्यावर कसा टेकतो त्यावरून मला पुष्कळ कळते. घाबरलेले मूल पूर्ण वजन टाकून बसत नाही. चिडलेला माणूस सारखी मांडी बदलतो. ज्याला काही बोलायचे असते आणि बोलता येत नाही, तो माझी दशी बोटाभोवती गुंडाळत राहतो.

माझा जन्म एका कारागृहातल्या मागावर झाला. मला विणणारा माणूस फार बोलत नसे. निळा पट्टा संपला की लाल, लाल संपला की निळा. संध्याकाळी त्याला कोठडीत जावे लागे आणि मी मागावर अर्धवट ताणलेली राही. मी पूर्ण झाले, माझी घडी बाहेर निघाली, तेव्हा त्याने विचारले, "कुठं चालली ही?" कुणीतरी म्हणाले, "शाळेला." तो म्हणाला, "बरं झालं." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

शाळेत आल्यावर मी पहिलीची झाले. मुले माझ्या पट्ट्यांवर ओळीने बसत, माझ्यावर पाटी आपटत, झोपी जात, कधी मला ओलेही करत. शाळेच्या मुख्याध्यापिका रुकसाना मॅडम रोज कळंबहून येत. दिवाळीच्या सुटीआधी त्या मला हापशावर धुवून घेत, कडक उन्हात वाळवत आणि घडीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवत. कुठे फाटले की दाभणाने शिवत. मग शाळेला बाकडी आली. मला गुंडाळून कपाटावर टाकले. तीन वर्षे माझ्यावर धूळ बसली आणि एका कोपऱ्यात उंदराने घर केले. आपल्याला कुणी विसरले आहे, हे कळायला फार वेळ लागत नाही.

माझी आठवण झाली ती एका वाईट पावसात.

भाद्रपदात पाऊस दिवसरात्र कोसळला. शाळेच्या तीन खोल्यांच्या भिंतींना तडे गेले, एका खोलीचे छत बाकड्यांवर आले. सुटीचा दिवस होता म्हणून कुणाला लागले नाही. अभियंता आला, त्याने तीन खोल्यांना कुलूप लावले आणि बजावले, की राहिलेल्या एका खोलीत एका वेळी एका वर्गाएवढीच मुले बसवायची. शाळा बंद झाली. शेजारची अंगणवाडीही बंद झाली. दसरा जवळ आला तरी मुले रानात, ओढ्याला, रस्त्यावर हिंडत होती.

त्या शिल्लक खोलीत मला अंथरले गेले आणि शाळा व्यवस्थापन समितीची बैठक माझ्यावर बसली. प्रश्न एकच होता. खोली एक, वर्ग चार. आधी कुणाला बोलवायचे?

समितीचे अध्यक्ष मल्लिकार्जुन मधोमध ऐसपैस बसले. त्यांचा मुलगा चौथीत होता.

"चौथी आधी," ते म्हणाले. "ही पोरं जूनमधी येरमाळ्याला पाचवीला जाणार. तिथं वजाबाकी येईना म्हणलं की नाव कुणाचं निघंल? आपल्या गावाचं."

पहिलीला शिकवणारे साजिद सर म्हणाले, "आणि पहिलीचं काय? जूनमध्ये आली, आत्ता कुठं अक्षरं धरायला लागली होती. दिवाळीनंतर आली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून."

"तुमचं बरंय सर. पहिलीला घरचा अभ्यास तपासायची कटकट न्हाय."

"एक दिवस पहिलीवर बसून बघा अध्यक्ष. संध्याकाळी घरचे वळखणार नाहीत तुम्हाला."

सगळे हसले. खिचडी शिजवणाऱ्या हरणाबाई दारातून म्हणाल्या, "कुणालाबी आणा, पर मला आदी सांगा. चौथीची पोरं तीन-तीन येळा भात मागतेत."

माझ्या अगदी कडेला गजराबाई बसल्या होत्या. त्यांची नात ज्ञानेश्वरी चौथीत होती आणि नातू शिवशंकर, म्हणजे शिवा, पहिलीत. त्या अर्ध्या माझ्यावर, अर्ध्या फरशीवर होत्या आणि माझी दशी बोटाभोवती गुंडाळत होत्या.

"मॅडम, एक इचारायचं होतं," त्या म्हणाल्या.

"आज्जे, थांब जरा," मल्लिकार्जुन म्हणाले. "आदी वर्ग ठरू दे. मग तुझं."

रुकसाना मॅडम त्यांच्याकडे वळल्या, हे मला जाणवले. पण तेवढ्यात कुणीतरी मोठ्याने बोलू लागले आणि मॅडम पुन्हा समोर वळल्या. थोड्या वेळाने गजराबाई उठून गेल्या. सोयाबीनची काढणी चालू होती, रोजगार बुडवून त्या आल्या होत्या.

शेवटी मॅडमनी ठरवले. पुढच्या सोमवारपासून चौथी. दोन आठवड्यांनी तिसरी. पहिली आणि दुसरी दिवाळीनंतर. त्यांनी विचार करूनच ठरवले होते. चौथीची मुले शाळा सोडून जाणार होती, त्यांच्याकडे सर्वांत कमी वेळ होता. ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते पटले. मलाही पटले.

सोमवारी चौथी माझ्यावर बसली आणि मला लगेच काहीतरी चुकल्यासारखे वाटले. पट्ट्यांमध्ये जागा रिकाम्या होत्या. मुलगे जवळपास सगळे आले होते. मुली मोजक्याच होत्या. ज्ञानेश्वरी आली नव्हती.

मंगळवारी ती आली, पण उंबऱ्यापर्यंतच. तिच्या मागे शिवा उभा होता.

"ये की आत," मॅडम म्हणाल्या.

"शिवाला घेऊ का, मॅडम?"

"आज फक्त चौथी, बाळा. अभियंत्यांनी जास्त मुलं बसवू नका म्हणून सांगितलंय. त्याला आजीपाशी ठेवून ये."

"आजी, आई, बाबा समदी रानात गेली."

"मग उद्या ये," त्या म्हणाल्या.

माझ्या काठावर टेकलेला तिचा एक पाय हळूच मागे गेला. मित्रांनो, माझ्यावर आजवर किती पावले पडली असतील, पण मागे गेलेले ते पाऊल मी विसरू शकत नाही.

बुधवारी दुपारी मुले घरी गेल्यावर, मॅडम आणि साजिद सर खोली आवरत असताना, गजराबाई आल्या. बसल्या नाहीत.

"मॅडम, ज्ञानूचं आन शिवाचं नाव कमी करा."

"का हो, मावशी?"

"उद्या सकाळी टोळीचा ट्रक येतोय. माझा ल्योक व्यंकट आन सून ऊसतोडीला चाललेत. दोनी लेकरं संगं जातेत."

"पण दरवर्षी मुलं तुमच्याजवळ राहतात ना?"

"ऱ्हायची. तवा ज्ञानू शाळेत आन शिवा अंगणवाडीत असायचा. आता म्या रानात गेल्यावर शिवाला कोण बघंल? घराम्होरं हीर हाय, तिला कठडा न्हाय. मागल्या आठवड्यात चेंडू काढाया वाकला व्हता, ज्ञानूनं शर्टाला धरून वढला. तवापासनं ती त्याला सोडून हालत न्हाय. पोरगी घरी बसली काय आन फडात गेली काय, सारखंच. त्या दिशी मीटिंगला हेच इचारणार व्हते म्या."

मग रुकसाना मॅडम माझ्यावर खाली बसल्या. एकदम, सगळे वजन टाकून.

"माझं चुकलं, मावशी," त्या म्हणाल्या. "मी वर्ग बघत बसले. दिवसा घरी कोण असतं, ते कुणालाच विचारलं नाही."

फडावर गेलेले मूल वैशाखापर्यंत परत येत नाही, हे साजिद सरांना ठाऊक होते. परत आलेली मुलगी पुन्हा शाळेत येईलच असेही नसते. मॅडमनी त्यांना अध्यक्षांना घेऊन यायला पाठवले. मल्लिकार्जुन आले, पण माझ्यावर उकिडवेच बसले.

मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून पद्धत बदलतेय. ज्यांच्या घरी दिवसा मोठं माणूस नसतं, ती मुलं रोज येतील. पहिलीची असोत का चौथीची, भावंडं एकत्रच येतील. बाकीची मुलं एक दिवसाआड. खोलीत संख्या तेवढीच राहील."

"म्हणजे माझं पोरगं चौथीत असून एक दिवसाआड?"

"हो."

"मीटिंगमधी ठरलेलं तुमी एकट्यानं मोडताय. अध्यक्ष मी हाय का ही सतरंजी?"

"सतरंजी निदान सगळ्यांना बसू देते," साजिद सर पुटपुटले.

"सर, तुम्ही थांबा," मॅडम म्हणाल्या. मग अध्यक्षांकडे वळल्या. "तुमच्या घरी त्याची आई आहे, आजी आहे, तुम्ही आहात. ज्ञानेश्वरीच्या घरी दिवसा फक्त ज्ञानेश्वरी असते. ती दहा वर्षांची आहे."

"मी वर तक्रार करीन."

"करा. तुमचा तो हक्क आहे. उत्तर मी देईन. पण उद्या सकाळी ट्रक येतोय, आणि तुमच्या तक्रारीचं उत्तर यायच्या आत ही पोरगी फडावर असेल."

मल्लिकार्जुन ताडकन उठून गेले. त्यांच्या चपलेत अडकून माझा एक पट्टा उसवला.

मॅडमनी व्यंकटला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. गजराबाई म्हणाल्या, "म्या सांगते त्याला. पर ऐकंल का न्हाय, म्या सांगू शकत न्हाय. त्याचं सामान बांधून झालंय." आणि त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडम रोजच्यापेक्षा लवकर आल्या. त्यांनी मला झाडून अंथरले. साजिद सरांनी आदल्या संध्याकाळीच घरोघर निरोप दिला होता; मुले येऊ लागली. मोठ्या बहिणींबरोबर लहान भाऊ आले, एकीने तर कडेवर अंगणवाडीतले बाळही आणले. हरणाबाई म्हणाल्या, "आता ह्याला काय, दूध का भात?" कुणीतरी हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या दारात उभ्या होत्या.

फाट्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. एकदा. मग लांबलचक दुसऱ्यांदा. माणसे एकमेकांना हाका मारत होती. ट्रक जागचा हलत नव्हता, आणि माझ्यावरची दोन जणांची जागा रिकामी होती. साजिद सरांनी पाढे सुरू केले, पण बे दाहे वीस झाल्यावर तेही थांबले. मग इंजिनाचा आवाज वाढला, फाट्यावरून वळला, येरमाळ्याच्या बाजूला लहान होत गेला आणि ऐकू येईनासा झाला.

मॅडम दारातून आत आल्या. त्यांनी खडू उचलला.

तेव्हा बाहेर धावत येणाऱ्या पावलांचा आवाज झाला. धुळीने भरलेले एक लहान पाऊल माझ्या लाल पट्ट्यावर आले, त्यामागे एक मोठे. शिवा पडला की बसला, ते मला कळले नाही. ज्ञानेश्वरी धापा टाकत म्हणाली, "मॅडम, आई ट्रकमध्ये लई रडली, म्हणून उशीर झाला."

"बस," मॅडम म्हणाल्या. एवढेच म्हणाल्या, आणि फळ्याकडे तोंड करून बराच वेळ काहीही न लिहिता उभ्या राहिल्या.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सर्वांत दाटीचा आणि सर्वांत चांगला. चौथीच्या मुली पहिलीची बोटे धरून अक्षरे गिरवून घेत. मल्लिकार्जुनांचा मुलगाही एक दिवसाआड येई. अध्यक्ष मात्र शाळेवरून जाताना मान वळवत नसत. त्यांनी तक्रार केली. चौकशीला आलेले साहेब माझ्यावर बसले, त्यांनी मुलांना वाचायला लावले आणि चहा घेऊन गेले. पुढे खोल्यांची दुरुस्ती झाली आणि चारही वर्ग आपापल्या जागी गेले.

चैत्रात रुकसाना मॅडम वारल्या. दोनच दिवस दवाखान्यात होत्या. भेटायला येणारी माणसे कळंबच्या त्यांच्या घरात मावेनात, म्हणून साजिद सर मला मोटरसायकलला बांधून घेऊन गेले. मॅडमची मुलगी जास्मिन आलेल्यांना पाणी देत होती, "बसा" म्हणत होती. सगळे गेले की ती माझ्यावर एकटीच बसून राही.

वैशाखात ऊसतोडीहून परतलेला व्यंकट आपल्या आईला आणि ज्ञानेश्वरीला घेऊन आला.

"तुमच्या आईनं माझी लेकरं ठिवून घेतली," तो जास्मिनला म्हणाला.

"अम्मीनं मला कधी सांगितलं नाही."

"काय सांगंल?" गजराबाई म्हणाल्या. "तिच्या लेखी तिनं आपली चूक निस्तरली व्हती."

जास्मिनने हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग तिने ज्ञानेश्वरीला विचारले, "आता कोणत्या शाळेत जाणार तू?"

"येरमाळ्याला. पाचवीला." मुलीने माझी दशी बोटाला गुंडाळली. "पर दसऱ्याला ट्रक परत येतो, ताई. आन शिवापायी मला घरी थांबावं लागतं, हे तिथल्या मॅडमला ठाऊक न्हाय."

"मी येते," जास्मिन म्हणाली. "शाळा उघडली की तुझ्याबरोबर येते आणि त्यांना सांगते."

जूनमध्ये ती खरोखरच आली. तिने मला धुवून, वाळवून शाळेत पोचते केले आणि मग ती ज्ञानेश्वरीला घेऊन येरमाळ्याच्या एसटीत बसली. पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. दसरा अजून यायचा आहे. शिवा आता दुसरीत आहे आणि रोज माझ्यावर बसतो.

मित्रांनो, मी आता विरत चालले आहे. मला ओली असताना गुंडाळू नका. उसवले तर वेळेवर शिवा. आणि जागा थोडी आणि माणसे जास्त असा प्रसंग तुमच्यावर आला, आधी कुणाला बसवायचे हे ठरवायची वेळ आली, तर मधोमध बसलेल्यांचे ऐकून उठू नका. सतरंजीच्या कडेपर्यंत एकदा नजर टाका. तिथे कुणीतरी अर्धे फरशीवर बसलेले असेल. त्याला विचारा, तुझे काय म्हणणे आहे? आणि त्याचे बोलून होईपर्यंत थांबा.