गिळलेली हाक

मित्रांनो, मी एक जुना भंगारवाला आहे. मला हातगाडी नाही की तराजू नाही. एका म्हाताऱ्या रंगाऱ्याच्या श्वासनलिकेत, एका पेशीच्या आत माझं बस्तान आहे. शास्त्रज्ञ मला प्रोटिअझोम म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम मोडतोडीचंच.

पेशीत प्रथिनं राबतात, झिजतात, वेडीवाकडी होतात. अशा निकामी प्रथिनाच्या गळ्यात खूण करणारे कामगार बारीक मण्यांची माळ घालतात. माळ पडली की समजावं, त्याची घटका भरली. मी त्याला आत ओढतो आणि तुकडे करतो, आणि त्याच तुकड्यांतून नवी प्रथिनं घडतात. चेहरा बघायचा नाही, माळ तेवढी बघायची, अशीच माझी घडण आहे. माझ्यामुळे घर साफ राहतं असं सगळे म्हणत, आणि मीही जरा फुगून असायचो.

रंगारीबुवांचा प्रत्येक शब्द आमच्या अंगावरून जातो, म्हणून मला त्यांच्या घरचं सगळं ठाऊक. लेकीला मुलगी झाली तेव्हा भिंतीला ब्रश मारता मारता दिवसभर त्यांचं "आमची चिमणी, आमची चिमणी" चाललेलं असे.

त्याच सुमारास आमच्या पेशीत एक विषाणू शिरला. शेजारच्या पेशींनी धोक्याची हाक दिली. ती हाक पेशीच्या केंद्रकापर्यंत नेणारा आमचा एक निरोप्या असतो. तो पोचला की पेशी कंबर कसते, शरीराला ताप येतो, माणूस अंथरूण धरतो. विषाणूच्या एका प्रथिनानं या निरोप्याला वाटेतच गाठलं आणि खूण करणाऱ्यांपुढे नेऊन उभं केलं. त्या भोळ्यांनी चांगल्या धडधाकट निरोप्याच्या गळ्यात माळ घातली.

मला माळ दिसली, मी त्याला आत ओढलं. मग दुसरा आला, तिसरा आला. सगळे निरोपे मीच संपवले, आणि शेजारी ओरडून ओरडून थकले. चोरानं घरातल्याच सुरीनं घरच्यांवर वार करावा, तसं ते होतं. हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून रंगारीबुवांना ताप आलाच नाही, नाक तेवढं वाहत राहिलं. ते लेकीकडे गेले तेव्हा तिनं दारातच विचारलं, "बाबा, सर्दी झालीय का तुम्हाला?"

"कसली सर्दी? रंगाचा वास नाकात बसलाय. जन्माचं दुखणं आहे ते."

"थोडे दिवस थांबा ना. ती अजून महिन्याचीसुद्धा नाही."

"कपाळाला हात लावून बघ. गार आहे की नाही?"

कपाळ गारच होतं. लेकीचा नाइलाज झाला. त्यांनी चिमणीला उचललं आणि गालाला गाल लावला. आमच्या पेशीतून सुटलेले विषाणू त्यांच्या श्वासाबरोबर बाहेर चालले होते. मला फार वाईट वाटलं, पण सांगणार कोणाला? निरोप न्यायला कोणी उरलंच नव्हतं.

काही दिवसांतच चिमणीची छाती भरली. तिला दूध ओढवेना, श्वास घेताना बरगड्या आत जाऊ लागल्या. रुग्णालयात तिला प्राणवायू लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मोठ्यांना ही नुसती सर्दी असते हो, एवढ्याशा जिवाला झेपत नाही." रंगारीबुवा काचेबाहेर उभे होते.

चिमणी वाचली, पण तिच्या छातीतली घरघर अजून गेलेली नाही. इकडे आमच्या शेजारच्या पेशी गळून गेल्या. आमचंही आता काही खरं नाही.

मित्रांनो, जाता जाता एवढंच मागणं आहे. नाक वाहत असेल तर अंग गार आहे म्हणून निर्धास्त राहू नका. हात धुवा, आणि तान्ह्या बाळाला लांबूनच बघा. आत कोणाची हाक गिळली गेली आहे, हे तुम्हाला बाहेरून दिसत नाही.

काल लेक म्हणाली, "घ्या ना बाबा तिला. आता तुम्ही बरे आहात."

"मी तेव्हाही बराच होतो," रंगारीबुवा म्हणाले, आणि त्यांनी हात मागे घेतले.