नारळाचा मान

हळदीच्या पेठेत अडत्या हळकुंड मोडून बघतो आणि मग भाव बोलतो. आकाराम हवालदार माणसं तशी जोखायचा, फक्त भाव तोंडानं बोलायचा नाही. लढाई संपून पलटणीतून घरी आल्यावर सांगलीच्या नगरपालिकेनं त्याला पेठेमागच्या मोकळ्या जागेवर राखणदार नेमलं. लष्करी लिलावात न खपलेला माल एका ठेकेदारानं तिथं टाकून दिला होता. बिनइंजिनाचा ट्रक, पिंपं, खोकी, टायर, दोरखंड. असल्या भंगाराकडं चोरही फिरकला नाही. आली ती पोरं.

हमालांची पोरं, हळद निवडणाऱ्या बायकांची पोरं. आकारामनं पहिल्या दिवशी हाकलली, दोन दिवस नुसती बघितली आणि चौथ्या दिवशी घरनं हातोडा आणून दिला. कायदे दोनच. दिवस मावळायला हातोडा परत, आणि दुसऱ्यानं बांधलेलं त्याला विचारल्याशिवाय मोडायचं नाही. वर्षभरात तिथं खोक्यांची माडी उठली, पिंपांवर पूल झाला, ट्रकच्या टपावर डोलकाठी चढली. नऊ वर्षांची बनू काळ्या मातीत मुरूम ठासून असा खांब रोवायची की त्याला खोंड बांधावा. कुठला खिळा कुठं बसतो यावरून तंटे व्हायचे आणि तिथंच मिटायचे. आया पेठेत निर्धास्त राबायच्या.

मग त्या पोरांतला एक, गुंडा, डोलकाठीवरून पडला आणि त्याचा हात मोडला.

नानासो असल्या निमित्ताची वाटच बघत होते. नगरपालिकेचे सदस्य. जमेच्या बाजूला रेशमी उपरणं आणि मयत वडिलांचं नाव. बाकी सगळं कोरं. त्यांनी समिती काढली, अध्यक्ष स्वतःच. भंगार उचलायचं, मेंदीचं कुंपण घालायचं, दोन झोपाळे आणि एक घसरगुंडी बसवायची, गुलाब लावायचे आणि पोरांनी गुलाबांना हात लावू नये म्हणून वर माळी ठेवायचा. उद्यानाला वडिलांचं नाव. रविवारी भूमिपूजन. नानासोंची स्वतःची पोरं माडीच्या गजांतून रस्ता बघत वाढत होती आणि जिना उतरताना गड्याचा हात धरत होती, तेव्हा पोरांच्या खेळातलं त्यांना कळतं हे सगळ्यांनीच धरून चालायचं होतं.

आकारामला समितीची फिकीर नव्हती, गुंडाच्या हाताची होती. शिव्या खायच्या तयारीनं तो गुंडाच्या आईकडं, रंगुबाईकडं गेला. ती सुपात जोंधळं पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही.

“हात हाय, जुळंल,” ती म्हणाली. “पर ती जागा बंद केलीसा तर ह्यो दिसभर पेठंत गाड्यांच्या चाकातनं फिरणार. तवा जुळवायला काय ऱ्हाईल, हवालदार?”

एवढं ऐकून तो समितीच्या बैठकीला गेला. बस म्हणून कुणी म्हटलं नाही. पोरं काय काय शिकली, ते सांगायचं त्यानं वाटेत घोकलं होतं. पण ओळीनं लोडाला टेकलेली तोंडं बघितली आणि हा माल इथं खपायचा नाही हे त्यानं ओळखलं. मंडळी गुलाबांच्या रंगावर आली होती. झोपाळ्यांचं लोखंड देणारे नाथाजी, कृष्णाकाठचे ऊसवाले बागाईतदार, पान जमवत होते. आकाराम दारातनं अदबीनं म्हणाला, “आवं नानासो, नारळ कुणाच्या हातनं फोडायचा? न्हाई, पाट कुणापुढं मांडायचा म्हणून इचारतो.”

गुलाबांचे रंग तिथंच राहिले. नाथाजींनी पान तसंच ठेवून फेटा सारखा केला.

नानासो म्हणाले, अध्यक्ष आहेत तर अध्यक्षच फोडणार. नाथाजी म्हणाले, बेंदराच्या सणाला वेशीतनं पहिला बैल सात पिढ्या आमचा जातो, दुसऱ्याच्या मागं उभं राहायची आमच्या घरात रीत नाही. कुणीतरी दोन नारळांची तोड काढली. मग आधी कुणाचा फुटायचा, यावर तास गेला. एकदमच आपटा म्हटलं, तर उजव्या हाताला कोण उभं राहणार हे निघालं. इटलीच्या डोंगरात आकारामनं लढाईतले मोर्चे बघितले होते. खंदक सोडून मानासाठी मरणारे त्याला इथंच भेटले. एवढ्या बोलण्यात पोर हा शब्द एकदाही आला नाही.

“नानासो, वडलांचं नाव लावा की,” नाथाजी उठता उठता म्हणाले. “आन झोपाळा त्याच नावाला टांगा. माझं लोखंड घरी चाललं.”

निम्मी समिती त्यांच्या मागं गेली. रविवारी भूमिपूजनाचे पाहुणे टांग्यानं आले. त्यांना सामोरं जाण्याचा मान कुणाचा हेही ठरलेलं नसल्यानं कुणीच गेलं नाही. पाहुणे तसेच परत फिरले.

मंगळवारी शिपायानं कागद आणला. आकारामला अक्षर जेमतेम लागायचं. बनूनं पुलावर बसून अडखळत वाचलं, की मानाचा निकाल लागेपर्यंत उद्यानाचं काम स्थगित, तोवर जागा आहे तशी ठेवावी.

“आकाराममामा, स्थगित म्हंजे?”

“म्हंजे तुमचं चालू द्या.”

“आन निकाल कवा लागायचा?”

आकारामनं दोन्ही घरांची मनात उजळणी केली. नानासोंना तीन मुलगे, नाथाजींना चार.

“तुजी नातवंडं खेळून दमली की,” तो म्हणाला, आणि डोलकाठीखाली अंथरायला पेंढा मागायला वखारीकडं निघाला.